हळदीनंतरची लढाई

हळदीने जखम भरून येते, या गुणावर अमेरिकेने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. हा विजय आपण अजून मिरवतो, आणि तो मिरवण्यासारखा आहेही. पण तिथे जिंकले ते आपले जुने ज्ञान. पुढची लढाई हळदीतल्या रेणूत फेरफार करणाऱ्या एन्झाइमवर आहे. तिथे आजीबाईचा बटवा साक्षीला येणार नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या सांगलीच्या हळदीला हे समजून घेणे भाग आहे.

हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. परीक्षानळीत हा रेणू मोठे पराक्रम करतो. पोटात गेल्यावर मात्र पाण्यात विरघळत नाही, रक्तात जेमतेम पोचतो आणि पोचला तरी यकृत त्याला लगेच बाहेरची वाट दाखवते. २०१७ मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी त्याच्या औषधीपणाच्या दाव्यांचे परखड वाभाडे काढले. गोळ्यांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात असलेले बरे.

मग या रेणूला साखरेचा कण जोडला तर? जपानी संशोधकांनी २००३ साली सदाफुलीच्या पेशींकडून हे करवून घेतले. करक्युमिन पाण्यात सहज विरघळू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यामागचे एन्झाइम हुडकले. विरघळले म्हणजे औषध झाले असे नव्हे, पण अशी नवी भावंडे तयार करून तपासण्याचा रस्ता खुला झाला.

निसर्गातले एन्झाइम नेहमीच आपल्या कामाचे नसते. कृष्णाकाठचा शेतकरी उत्तम गड्डे बेण्याला राखतो, तसेच इथे करतात. एन्झाइमच्या जनुकात बदल घडवायचे, हजारो नमुन्यांतले सरस तेवढे राखायचे, आणि पुन्हा तेच. या पद्धतीसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ च्या नोबेलचा वाटा मिळाला. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी २०१० मध्ये असेच एन्झाइम घडवून मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनच्या निर्मितीतून महागडा ऱ्होडियम धातू हद्दपार करून दाखवला.

अशा नव्या रेणूचा गुण वाढल्याचे सिद्ध झाले, तर आपल्या कायद्यानेही पेटंट मिळू शकते. २०१३ च्या नोव्हार्टिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जपानमध्ये २००८ सालीच जिवाणूंकडून हळदीशिवाय करक्युमिन बनवून घेण्यात आले. उद्या ते स्वस्तात जमले, तर औषधवाल्यांना राजापुरी हळदीची गरज काय?

कराडपासून वाळव्यापर्यंत साखर आहे, मळी आंबवणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत, सांगलीत वालचंदसारखे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एन्झाइम बनवणारे जिवाणू अशाच टाक्यांत, साखरेवरच वाढतात. अडते ते पैशाशी. मी बँकेत असताना हळदीच्या पोत्यांवर कर्ज देणे सोपे असे. माल मोजता येई, गोदामाला कुलूप लावता येई. फ्रीजरमधला जिवाणू तारण म्हणून कोण घेईल? हे काम सहकारी कारखान्यांचेच. उसाच्या बिलातल्या कपातीतून त्यांनी शाळा-कॉलेजे उभी केली, तशी एक प्रयोगशाळाही होईल. सर्वसाधारण सभेत प्रश्न येईल, यातून दर किती वाढणार? पाच वर्षे तरी काही नाही, असे उभे राहून सांगणारा अध्यक्ष तेवढा हवा.