मेंदू आकसला, म्हणजे नेमके काय?

साठी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला की रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा एक वाक्य सापडते : 'वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन'. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा कागद समोर ठेवून नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, म्हणजे आईला स्मृतिभ्रंश झालाय का?" काहींना त्याच वाक्याने हायसे वाटते, "वयाचंच आहे ना, मग काळजी नाही." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतोच. नव्या आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान उतारवयात दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते. अल्झायमरमध्ये ही घट बरीच वेगाने होते. पण एका दिवशी काढलेल्या एका फोटोवरून वेग कळत नाही. मेंदू आकसलेला असूनही घरचा हिशेब चोख ठेवणारे आजोबा असतात आणि एमआरआय जवळपास नॉर्मल असूनही नेहमीची वाट चुकणारी आजी असते.

हल्ली हजारो एमआरआय संगणकाला दाखवून 'मेंदूचे वय' काढण्याचे संशोधन जोरात आहे. ६५ वर्षांच्या माणसाचा मेंदू पंचाहत्तरीचा दिसला, तर त्याला पुढे त्रास होण्याची शक्यता जास्त, असा हा हिशेब. मोठ्या गटांच्या अभ्यासासाठी तो उपयोगी आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत मात्र त्यात काही वर्षांची चूक सहज होते.

दुसरा प्रश्न आहे तो 'नॉर्मल' कोणाच्या मेंदूवरून ठरवायचे, हा. ब्रिटनमधील यूके बायोबँकेने २०२५ मध्ये एक लाख लोकांच्या स्कॅनचा टप्पा गाठला. त्यात बहुसंख्य गोरे आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुणांच्या एमआरआयवरून मेंदूचा नकाशा तयार केला. तेव्हा भारतीय मेंदू सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान यांत पाश्चात्त्य मेंदूपेक्षा लहान आढळला. याचा बुद्धीशी संबंध जोडू नये. पण परक्या मापाने मोजले, तर आपला निरोगी मेंदूही आकसलेला वाटू शकतो.

मुळशी तालुक्यातले माण घ्या. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा या गावाच्या हद्दीत उभा राहिला. तिथल्या काचेच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर शेतीत आयुष्य गेलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आज्या राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत ते जास्त आहे. म्हणजे जिला धोका सर्वाधिक, तिचाच मेंदू जगाच्या नकाशात सर्वांत कमी.

ही उणीव भरून काढता येते. बंगळुरूचे सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांपुढच्या गावकऱ्यांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे आणि त्यात एमआरआयही आहे. गावांमधला अभ्यास वर्षानुवर्षे चालवणे पुण्याला नवे नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा पुढे कित्येक वर्षे केला. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते. मुळशीतल्या वृद्धांसाठी असा अभ्यास उभारणे पुण्यातल्या संस्थांना आणि आयटी कंपन्यांच्या सामाजिक निधीला जड नाही.

तोवर काय करावे? स्कॅन निरुपयोगी नाही. पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त, मेंदूत वाढलेले पाणी, गाठ, छोटे पक्षाघात त्यात दिसतात आणि यांतल्या काहींवर शस्त्रक्रियेने गुण येतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितला तर एमआरआय जरूर काढा. पण त्याआधी रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासा. कान आणि डोळे तपासून घ्या, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा, मन उदास असते का तेही सांगा. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉईडचा दोष यांमुळे विसरभोळेपणा येतो आणि वेळेत उपचार झाले तर तो सुधारू शकतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ घटक आटोक्यात आणले, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा हे त्यांतलेच. यांतल्या एकाचीही सुरुवात एमआरआयपासून होत नाही.

आणि तपासणीला येताना एका कागदावर लिहून आणा : सुट्या पैशांचा हिशेब आईला कधीपासून जमेना, भाजीत दोनदा मीठ कधीपासून पडू लागले, नातवंडांची नावे कधी चुकली. मेंदू किती वेगाने बदलतो आहे, हे एका फोटोपेक्षा त्या तारखा जास्त सांगतात.