मराठी सोडू नका, आणि वाटही बघत बसू नका

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल दोन वर्षांचं झालं आणि तरी बोलेना, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला भारतातून, व्हिडिओ कॉलवर. "काळजी करू नका, मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बाबा तरी कुठे लवकर बोलला होता?" दुसरा इथला, डे-केअरमधून किंवा ओळखीच्या एखाद्या जोडप्याकडून. "दोन भाषांमुळे मूल गोंधळतंय. घरात फक्त इंग्रजी बोला." दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात. पण आमच्या मुलाला ऑटिझम आहे हे कळल्याला आता चार वर्षं झाली. या काळात जे वाचलं आणि घरात रोज पाहिलं, त्यावरून माझं ठाम मत झालंय की या दोन्ही सल्ल्यांनी मुलांचं नुकसानच होतं.

आधी 'थांबा, बोलेल' हा सल्ला घेऊ. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि नंतर सगळी कसर भरून काढतात. पण प्रश्न फक्त शब्दांचा नसतो. मूल हाक मारल्यावर वळतं का? विमान दिसलं की बोट दाखवतं का? सापडलेली वस्तू तुम्हाला आणून दाखवतं का? हे होत नसेल तर वाट बघू नये. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी प्राथमिक चाचणी करा असं सांगते. त्यासाठीची एम-चॅट ही २० प्रश्नांची प्रश्नावली पालकच भरतात. ते निदान नव्हे, पुढे तपासायला हवं की नको एवढंच त्यातून कळतं. सोबत कानांची तपासणीही करून घ्यावी.

मूल तीन वर्षांचं होईपर्यंत 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला पालक स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मूल्यमापन मोफत असतं. तीन वर्षांनंतर ही जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जाते. त्यासाठी ग्रीन कार्ड असावं लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण एच-वन-बीवरची कितीतरी मंडळी व्हिसाच्या भीतीनं फोनच करत नाहीत. आणि हा काही दुर्मीळ प्रकार नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, पाहणी केलेल्या भागांत ८ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं आढळलं. तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत किती मुलं बागडतात ते मोजून बघा.

आता दुसरा सल्ला, मराठी बंद करण्याचा. २०१२ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ७५ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात दोन भाषा ऐकणारी मुलं एकाच भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. नंतरच्या अभ्यासांचाही कल तोच आहे. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही.

उलट मराठी बंद केल्यावर घरात काय होतं ते बघा. आई-बाबा एकमेकांशी मराठीतच बोलत राहतात, मुलाशी तेवढं इंग्रजी. म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून मूल बाहेर. आपलं इंग्रजी ऑफिसात उत्तम चालतं हो, पण त्या इंग्रजीत लाडानं रागावता येतं का? गुदगुल्या करताना, आंघोळ घालताना, झोपवताना तोंडात आपोआप येते ती मराठी. ती थांबवली की आपण एकूणच कमी बोलू लागतो. आणि आजी-आजोबांशी असलेला धागा तुटतो तो वेगळाच.

आम्हालाही एका शिक्षिकेनं इंग्रजीचाच आग्रह केला होता. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आणि शाळेच्या अर्जात घरची भाषा 'मराठी' असंच लिहिलं. तुम्हीही लिहा. शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, असं इथला विशेष शिक्षणाचा कायदाच सांगतो. अर्थात काही मुलं यूट्यूबवरून इंग्रजी उचलतात आणि त्यातच रमतात. तेही चांगलंच. त्यांनी इंग्रजीत मागितलं तरी द्यायचं, आपण मराठीत बोलत राहायचं. मराठीची परीक्षा मात्र घ्यायची नाही.

तिसरी एक भीती असते, चित्रांची आणि टॅबलेटची. "बटण दाबून मागायला शिकला तर तोंडानं कशाला बोलेल?" चित्रकार्ड देऊन संवाद साधायची पेक्स ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. २००६ मध्ये अशा साधनांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यातल्या भरवशाच्या नोंदींमध्ये एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही आहे.

ॲपवर सुरुवात मात्र रंग आणि प्राण्यांपासून करू नका. हवं, नको, अजून, थांब, झालं, मदत हे शब्द आधी. ज्या मुलाला 'नको' सांगता येतं, त्याला ताट भिरकावून ते सांगावं लागत नाही. आणि आपणही बोलताना ती बटणं दाबायची, म्हणजे मुलाला ती भाषा वापरात दिसते.

काही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतात. "तुला पाणी हवं का?" असं मूलच विचारतं, तेव्हा त्याला पाणी हवं असतं. मुलगा आईचं ऐकून "मी जाते" म्हणतो आणि पाहुणे हसतात. हसू नका, तो बोलतोय. त्या वेळी त्यानं म्हणायला हवं ते आपण म्हणावं, "मला पाणी हवंय", आणि पाणी द्यावं. 'आधी नीट म्हण, मग देतो' ही सक्ती नको.

बाकी घरी करण्यासारखं साधंच आहे. प्रश्न कमी करा. "हे काय? रंग कोणता?" या उलटतपासणीऐवजी मूल जे करतंय त्यावर बोला, "गाडी पडली! धप्प!" मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हे फार कठीण जातं, पण त्या शांततेत मुलाला त्याची पाळी घ्यायला वेळ मिळतो. चिऊ-काऊच्या गोष्टीत तेच तेच वाक्य परत येतं ना, तिथे थांबा. कधी आवाज येईल, कधी नुसती नजर. दोन्हीला उत्तर मानायचं. म्हणूनच 'स्वमग्न' हा शब्द मला पटत नाही. आमचा मुलगा स्वतःत मग्न नसतो, आम्हालाच त्याचं बोलणं ओळखायला वेळ लागतो.

भारतातल्या आजी-आजोबांना एक विनंती. कॉलवर "मी कोण, सांग बरं?" असं विचारू नका. त्याला आवडणारी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा, भोवरा फिरवा, टाळ्या वाजवा आणि थांबा. तो स्क्रीनसमोरून पळाला तरी रुसू नका. आणि तिकडे नात्यात एखादं मूल बोलत नसेल, तर इकडच्या फोनची वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या स्टेम सेलवाल्यांना मात्र पैसे देऊ नका. तेच पैसे चांगल्या स्पीच थेरपिस्टकडे जाण्यासाठी ठेवा आणि घरात आपल्या भाषेत भरपूर बोला.