रेवतीचा धडा कुणी गाळला?

पाठशाळेतल्या मुलींना सतींच्या गोष्टी सांगाव्यात, याला माझी ना नाही. तक्रार आहे ती सांगण्याच्या रीतीबद्दल. चातुर्मासात बस्तीत शिबिर भरतं, मुलींची रांग वेगळी बसते आणि त्यांच्या वाट्याला ठरलेली नीली येते. तिच्या पायाचा स्पर्श होताच नगराचे बंद दरवाजे उघडले. बोध काय? पोरींनो, शील सांभाळा. संपला तास!

अहो, पण गोष्ट तिथून कुठं सुरू होते? नीलीशी लग्न करता यावं म्हणून सागरदत्तानं आणि त्याच्या बापानं जैन झाल्याचं सोंग घेतलं. लग्न उरकल्यावर सोंग उतरलं. पुढं सासरच्याच माणसांनी तिच्यावर कलंक लावला. तो धुतल्याशिवाय अन्न घेणार नाही, असा निश्चय करून ती जिनमंदिरात उभी राहिली. फसवलं नवऱ्यानं, बदनामी केली सासरनं, आणि धडा मात्र पोरींना! शेजारच्या रांगेतल्या मुलांना सागरदत्ताबद्दल एक प्रश्न विचारला जात नाही.

हे आपल्या शास्त्रात आहे म्हणे. शास्त्र उघडूनच बघू या. समंतभद्राचार्यांचा 'रत्नकरंडक श्रावकाचार' हजार वर्षांहून जुना. 150 श्लोकांत सम्यग्दर्शनापासून अकरा प्रतिमांपर्यंत श्रावकाचं सगळं वागणं सांगितलंय. मुलींसाठी त्यात वेगळं प्रकरण नाही. नीलीचं नाव ज्या ब्रह्मचर्याणुव्रतासाठी येतं, त्याची व्याख्या तर पुरुषालाच उद्देशून आहे: परस्त्रीकडे जाऊ नये, दुसऱ्याला पाठवू नये. म्हणजे नियम पुरुषाला आणि आदर्श बाई. आम्ही नियमही उचलून बाईच्याच पदरात टाकला.

त्याच ग्रंथात रेवतीचं नाव आहे, अमूढदृष्टी या अंगासाठी. अमूढदृष्टी म्हणजे न फसणारी नजर. मथुरेत एका क्षुल्लकानं विद्येच्या बळावर ब्रह्मा, विष्णू, शंकर अशी रूपं घेतली. सगळं गाव धावलं, राणी रेवती गेली नाही. शेवटी त्यानं तीर्थंकराचं समवसरणच उभं केलं. ती म्हणाली, तीर्थंकर चोवीस, ते होऊन गेले. हा पंचविसावा कुठला? तोच क्षुल्लक आजारी होऊन दारी आला, तेव्हा मात्र तिनं त्याची सेवा केली, ओकारीसुद्धा काढली. दया आहे, पण भोळेपणा नाही. आगीत उडी घेण्याला धर्म समजणं हा मूढपणा, असंही हाच ग्रंथ सांगतो.

मग मुलींच्या तासाला रेवती का येत नाही? कारण नीलीची अर्धी गोष्ट ऐकलेली मुलगी मान खाली घालते. रेवती ऐकलेली मुलगी प्रश्न विचारते. महाराजांच्या नावावर पैसे मागणाऱ्याला विचारील, चालून आलेल्या स्थळालाही विचारील. पगार एक सांगायचा आणि निघायचा दुसरा, हे सागरदत्ताचंच सोंग की! काही जण म्हणतील, आधी मर्यादा शिकू दे, शंका मागाहून. मागाहून म्हणजे कधी? अक्षता पडल्यावर?

येत्या शिबिरात रांगा एकत्र बसवा. नीली पहिल्यापासून सांगा, आणि मुलांच्या प्रश्नपत्रिकेत लिहा: सागरदत्ताचं काय चुकलं? पाच गुण ठेवा.