वाय-फाय दिलं, अल्बमही गेला!

"हळदीचा व्हिडिओ काय छान आलाय हो तुमचा!" वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटून म्हणाल्या, आणि गारखेड्यातली माझी मैत्रीण बघतच राहिली. तिने तर तो कुणालाच दाखवला नव्हता! झालं होतं एवढंच, की वहिनींच्या मुलाचं दहावीचं वर्ष म्हणून तिने वाय-फायचा पासवर्ड दिला होता. वहिनींच्या टीव्हीवर हिच्या कॉम्प्युटरचं नाव आपोआप उमटलं आणि आत लेकीच्या लग्नाचं फोल्डर.

ही करामत डीएलएनएची. कॉम्प्युटरमधले फोटो, सिनेमे टीव्हीवर बघायची ही सगळ्यात सोपी पद्धत. पण ती बहुतेक वेळा पासवर्डच विचारत नाही. वाय-फायवर आला तो घरचाच, असं धरून चालते. दुसरी एनएफएस, ती लिनक्सवाल्यांची. ज्यांच्या घरी ती आहे, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही! तिसरी एसएमबी, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर 'शेअर' करतो ती. माझं मत हिलाच. सुरुवातीला थोडी खटपट होते, पण दाराला कुलूप लागतं.

टीव्हीसाठी वेगळं युजर नाव आणि पासवर्ड करायचा, परवानगी फक्त 'रीड'ची द्यायची. मग नातवाने रिमोटवर काहीही दाबलं तरी बारशाचे फोटो पुसले जात नाहीत. टीव्हीवर व्हीएलसी किंवा कोडी असलं की झालं.

मात्र जुन्या प्लेअरसाठी 'एसएमबी १' चालू करा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस त्यातल्याच फटीतून जगभर पसरला. त्याच फटीचा फायदा घेणाऱ्या नॉटपेट्याने जूनमध्ये उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं. तिथे आपल्या कॉम्प्युटरची काय कथा! त्यापेक्षा जुन्या प्लेअरला पेन ड्राइव्ह लावा.

आणि हो, हे सगळं करताना शेजारी बसा. नाहीतर सेटिंग करणारा मुलगा निघून जातो, पासवर्ड अहोंच्या डोक्यात राहतो आणि आपल्याच मंगळागौरीचे फोटो बघायला आपण त्यांची वाट बघतो.

मैत्रिणीने डीएलएनए बंद केलं. नवा पासवर्ड स्वतः टाकला, किराणाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला. वहिनींना चहाला बोलावलं आणि हळद पुन्हा लावली, या वेळी तिच्या हातात रिमोट होता.