मांड पक्की, मग पाय का झुलतो?

घोड्यावर बसायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या कानी पहिल्या आठवड्यातच एक आरोळी पडते : “टाच खाली!” मूल बिचारे टाच खाली दाबते. घोडा दुडकी चालू लागतो न लागतो तोच गुडघ्याखालचा पाय घड्याळाच्या लंबकासारखा झुलू लागतो. पुन्हा आरोळी, पुन्हा दाबादाबी. कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईबापांना वाटते, आपल्या पोराच्या पायात जोरच नाही. वाचकहो, जोर कमी नसतो. बहुधा तो जास्तच झालेला असतो, आणि तोही भलत्या जागी.

‘मांड ठोकणे’ हा आपल्याकडचा मोठा ऐटबाज शब्द. पण त्यावरून समज असा होतो की, स्वाराने गुडघ्यांनी घोड्याला चिमट्यासारखे धरायचे. गुडघा आवळला की त्याची बिजागरी होते. धड पुढे कलते, पोटरी मागे सरकते, टाच वर येते. आणि अशा वेळी घोडा अडखळला, तर स्वार थेट त्याच्या मानेवर!

ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्या काळी ग्रीकांना रिकीब ठाऊकच नव्हती. तरीही त्याने बजावून ठेवले आहे की, खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून उभे असल्यासारखे बसावे, आणि गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा. ताठरलेला पाय कशावर आपटला तर मोडायचा. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, पण आजचा शिक्षक याहून वेगळे सांगत नाही.

बाजूने पाहिले असता स्वाराचा कान, खांदा, खुबा आणि टाच एका ओळंब्यात दिसावीत. रिकिबीचा पट्टा सरळ खाली लोंबावा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो. मुलाचे हसरे तोंड टिपून झाले की दोन मिनिटे त्याचा पायही टिपा. घरी पाहताना तो पुढे जातो की मागे, हे मुलाला स्वतःलाच दिसेल, आणि शिक्षकाच्या दहा आरोळ्या वाचतील.

आता उपाय. टाच दाबायची नसते, जाऊ द्यायची असते. खुबा मोकळा सोडला की अंगाचे वजन मांडीवरून, गुडघ्यावरून, घोट्यातून टाचेत उतरते, आणि दर हिसक्याला घोटा थोडा लवतो. घोटा ताठ धरून टाच रेटली, तर सगळा पाय पुढे सरकतो आणि स्वार मागे आपटतो. घरी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठडा धरून, टाचा हळूहळू खाली सोडून पाहाव्यात. आखडलेल्या पोटऱ्या काही दिवसांत सैल पडू लागतात.

घोड्यावरचा खरा धडा म्हणजे रिकिबीत उभे राहणे. आधी थांबलेल्या घोड्यावर, मग चालत्या, मग दुडक्या. आधाराला आयाळ धरावी, लगाम मात्र ओढू नये. त्याचा दुसरा शेवट घोड्याच्या तोंडात असतो. पाय मागे गेला तर तुम्ही पुढे पडाल, पुढे गेला तर धपकन् बसाल. यापेक्षा चोख परीक्षक मिळायचा नाही. पुढे शिक्षकाने लांब दोरीवर घोडा गोल फिरवावा आणि स्वाराने रिकिबीवाचून बसावे. पण हे थोडाच वेळ. दमलेला स्वार पुन्हा गुडघे आवळतो.

हा सारा खटाटोप दिसण्यासाठी नाही. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी त्याची कातडी तेवढ्या जागी थरथरते. अशा जनावराच्या कुशीवर तुमची टाच दर पावलाला आपटत राहिली, तर ते काय समजणार? पाय म्हणजे बोलण्याचे साधन. सारखी बडबड चालू असली की खऱ्या हुकमाकडेही दुर्लक्ष होते. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय चमूने ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत ते आपल्याला ४१ वर्षांनी मिळाले. त्या खेळात घोडा जणू आपणहून नाचतो आहे असे वाटते, कारण स्वाराचा पाय हलताना दिसत नाही.

कधी दोष पायाचा नसतोच. रिकीब फार लांब असली तर मूल चवड्याने ती शोधत बसते. पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीचा तळ साधारण घोट्याच्या हाडाशी यावा. पट्टा खोगिरावर फार पुढे अडकवलेला असेल, तर कितीही सराव केला तरी पाय पुढेच जाणार. तेव्हा मुलाला रागावण्याआधी खोगीर तपासून घ्यावे.

आणि पादत्राणे! माथेरानला हौसेने घोड्यावर बसणारी मंडळी चपला-सँडल घालून रिकिबीत अख्खा पाय खुपसतात. पडताना तो अडकला तर घोडा माणसाला फरफटत नेतो. छोटीशी टाच असलेला बूट हवा, रिकीब त्याहून सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद हवी, आणि आत फक्त चवडा.