दगडाचे गाव लिहून ठेवा

चौसाळ्याच्या शिवारात कुठेही विहीर खणा, वरची माती आणि मुरूम संपला की काळा कातळ लागतो. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव बालाघाटाच्या पठारावर आहे आणि हे सारे पठार लाव्हाचे आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस एकावर एक थरांनी ओतला गेला, थंड झाला आणि दख्खनचा कातळ तयार झाला. तापलेल्या लाव्हाखाली सापडलेल्या जनावराचे काही शिल्लक राहत नाही. म्हणून या भागातल्या एखाद्या मुलाने बांधावरून, ओढ्यातून, रस्त्याच्या कापणीतून दगड गोळा केले आणि ते जीवाश्म आहेत असे त्याला वाटू लागले, तर त्याच्या डब्यात बहुधा गारगोट्याच निघतात. त्यात हिरमुसण्यासारखे काही नाही. संग्रहाची सुरुवात अशीच होते. पुढचा प्रश्न मात्र टाळता येत नाही: यातला खरा जीवाश्म कोणता?

फसवणारे दगड इथे मुबलक आहेत. भेगेवर काळ्या नाजूक फांद्या उमटलेला दगड हाती आला की कुणालाही नेच्याचे पान आठवते. ती मँगनीजच्या क्षारांची रेघोटी असते. पाणी भेगेत झिरपते, क्षार मागे ठेवते आणि ते फांद्या फुटत पसरतात. पानाला मधली शीर असते, देठ असतो, शिरांची ठरलेली रचना असते. या रेघोट्या दगडाच्या कडेपासून सुरू होतात आणि मनाला येईल तशा फाटे फोडतात. भिंग लावून पाच मिनिटे बघितले तरी फरक कळतो. लाव्हाच्या थराच्या तळाशी वाफेने तयार झालेल्या लांबट नळ्या असतात, त्यांत पांढरा झिओलाइट भरलेला असतो. त्यांना लोक मुळ्या किंवा हाडे समजतात. आणि कातळ कुजत जाताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत आत जो गोल गोटा उरतो, त्याला डायनासोरचे अंडे म्हणण्याचा मोह तर दर चार-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या तालुक्यात होतोच.

खरी अंडी सापडत नाहीत असे नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात एक कुटुंब गोल दगडांची ‘काकर भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजा करत होते. ते दगड टायटनोसॉर जातीच्या डायनासोरांची अंडी असल्याचे अभ्यासकांनी सांगितले, ही बातमी डिसेंबर 2023 मध्ये देशभर छापून आली. पण ती अंडी लाव्हाच्या कातळातली नव्हती. नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हाच्या आधी साचलेल्या चुनखडकाच्या थरातली होती. म्हणजे दगडाचा आकार पाहण्याआधी तो कोणत्या थरातला आहे, हे पाहावे लागते.

घरच्या घरी करता येतील अशा दोन-तीन परीक्षा आहेत. गारगोटी काचेवर ओढली की चरा पडतो. कॅल्साइटवर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात, गारगोटीवर येत नाहीत. हाड असल्याचा संशय आला तर तुटलेल्या कडेकडे बघावे: बाहेर घट्ट भिंत आणि आत बारीक छिद्रांची जाळी दिसली, तर पुढे जायला आधार आहे. जुने हाड सच्छिद्र असल्याने ओल्या जिभेला किंचित चिकटते, ही परीक्षा जगभरचे अभ्यासक करतात. लिंबाच्या रसाचे मात्र जपून. नदीच्या गाळातल्या हाडावर चुन्याचा पापुद्रा बसलेला असतो, त्यामुळे बुडबुडे आले म्हणून ते हाड नव्हे, असे ठरत नाही.

मग खरे जीवाश्म मराठवाड्यात कुठे? त्यासाठी कातळ सोडून नदीकडे वळायला हवे. मांजरा बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून लातूरकडे जाते. तिच्या काठावर जुन्या गाळाचे, वाळूचे आणि खड्यांचे उभे कडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरेच्या खोऱ्यात गांजूर, ताडुळा अशा गावांजवळच्या गाळातून हत्ती, रानबैल, पाणघोडा यांचे अश्मीभूत अवशेष नोंदवले आहेत. मांजरेच्या पाण्यात पाणघोडे डुंबत होते, हे वाचून थांबावेसे वाटते. हे अवशेष डायनासोरांच्या काळाचे नाहीत. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यातले, माणूस या खोऱ्यात दगडी हत्यारे घेऊन वावरत होता त्या काळातले आहेत. गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे सापडलेल्या प्रचंड हत्तीचे वर्णन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्ये छापले. आज त्या जातीला पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस म्हणतात. जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत तिची गणना होते.

हत्तीची दाढ ओळखायला शिकणे फार अवघड नाही. ती एकसंध नसते. उभ्या चपट्या पट्ट्या एकामागे एक रचून सिमेंटने जोडलेल्या असतात. चावण्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक पट्टीची कड लांबट वळशाच्या रूपात दिसते. हा वळसा दातावरच्या कठीण आवरणाचा असतो आणि बाकीचा भाग झिजला तरी तो उंच राहतो. बोट फिरवले की कंगोरे लागतात. गाळातून निघालेली दाढ तपकिरी किंवा काळपट असते आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागते. या पट्ट्यांची संख्या, जाडी आणि आवरणाच्या घड्या यांवरून जात ठरते. म्हणून दाढेचा तुकडा जरी मिळाला तरी तो घासूनपुसून गुळगुळीत करू नये. ज्या खुणा पुसल्या जातात त्याच ओळख पटवणाऱ्या असतात.

दुसरी जागा विदर्भाकडे आहे. लाव्हाचा एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ जाई. त्या काळात तळी साचत, गवत उगवे, गोगलगायी वाढत. पुढचा थर आला आणि ही तळी झाकली गेली. त्या तळ्यांच्या गाळाचा कठीण, राखाडी दगड झाला आणि त्यात फायसा प्रिन्सेपी नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय जागोजाग सापडते. तिचे वर्णन मालकमसन नावाच्या डॉक्टरच्या 1840 च्या लेखासोबत छापले गेले. तिची ओळख शाळकरी मुलालाही पटवता येते: शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर तोंड डावीकडे उघडते. बहुतेक गोगलगायींचे ते उजवीकडे असते. एवढी एक गोष्ट बघितली की तळ्याच्या त्या दगडातली अर्धी ओळख झाली.

मालकमसन डॉक्टर होते. त्यांच्यानंतर नागपुरात ज्यांनी हे काम तडीस नेले ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, शाळा चालवत होते. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. भूशास्त्र त्यांचा पेशा नव्हता. सुटीच्या दिवशी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टेकड्या तुडवायच्या, दगड फोडायचे, खोके भरून लंडनला पाठवायचे, असा त्यांचा उद्योग. दोघांचा नागपूर परिसरावरचा लेख 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्र नियतकालिकात आला. नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीतून मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचे नामकरण त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ असे केले. 1863 मध्ये टाकळघाटचे महापाषाणयुगीन अवशेष पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांनी मागे ठेवलेली मोठी संपत्ती म्हणजे गावांची नावे.

पिसदुरा हे त्यातले एक. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातले हे लहान गाव हिस्लॉप यांनी हाडांसाठी नोंदवले. पुढे चार्ल्स मॅटली यांनी तिथल्या अश्मीभूत विष्ठेवर 1939 मध्ये लिहिले. आणि 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्याच अशा विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. तोपर्यंत समज असा होता की डायनासोर संपल्यावर गवत पसरले. पिसदुऱ्याच्या त्या ओबडधोबड गोळ्यांनी दाखवून दिले की टायटनोसॉर गवत खात होते आणि भाताच्या कुळाचे पूर्वज तेव्हाच वेगळे झालेले होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध छापला गेला. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी गावाचे नाव कागदावर उतरवले नसते तर पुढच्यांनी जायचे कुठे?

उलटे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता हिमालयातून मिळाल्याचे सांगत पंचवीस वर्षे जीवाश्मांवर लेख छापत राहिले. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की त्यांतले कित्येक नमुने जगात दुसरीकडचे होते, मोरोक्कोतल्या एरफूदचे अमोनाइट पॅरिसच्या दुकानात सहज विकत मिळत होते. जीवाश्म खरे होते. त्यांचे गाव खोटे होते. तेवढ्याने हिमालयाच्या भूशास्त्रावरच्या शेकडो पानांवर संशयाची सावली पडली. आज घरबसल्या मोबाइलवरून मोरोक्कोचा ट्रायलोबाइट किंवा मादागास्करचा कापलेला अमोनाइट मागवता येतो. तो जरूर घ्यावा. पण बिल जपून ठेवावे, आणि ट्रायलोबाइटच्या अंगावर हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर तो साच्यात ओतलेला आहे असे समजावे.

आपल्याकडे दगडाचे गाव जपण्याची रीत नवी नाही. मराठी घरांच्या देवघरात शाळिग्राम असतो. नेपाळातल्या काली गंडकीच्या काळ्या गाळखडकातला तो अमोनाइट आहे, चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला. द्वार असलेला शाळिग्राम उजेडात धरला तर आत वळत गेलेल्या वेटोळ्यावरच्या फासळ्या स्पष्ट दिसतात. तेच त्याचे चक्र. वज्रकीटाने ते कोरले, असे परंपरा सांगते. या शंखात एक मृदुकाय प्राणी राहत होता, असे भूशास्त्र सांगते. पंचायतनात विष्णूचा दगड गंडकीचा, शंकराचा बाण नर्मदेचा, गणपतीचा शोणभद्र शोण नदीचा. कोणता दगड कुठल्या नदीचा, हे पूजा करणाऱ्याला माहीत असायचे. हौशी संग्राहकाने एवढी शिस्त उचलली तरी पुष्कळ झाले.

प्रत्यक्षात काम साधे आहे. एक जाड नोंदवही. त्यात क्रमांक, गाव, ओढा किंवा शेताचा गट क्रमांक, कोणत्या थरातून, किती खोलीवर, तारीख, कुणी उचलला. दगडाच्या कमी दिसणाऱ्या बाजूला नखाला लावायच्या पारदर्शक पॉलिशचा ठिपका, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने तोच क्रमांक, वर पुन्हा पॉलिश. चिठ्ठी हरवली तरी क्रमांक राहतो. हाड ठिसूळ असेल तर फेव्हिकॉल लावू नये. संग्रहालयात यासाठी ॲसिटोनमध्ये विरघळणारे पॅरालॉइड वापरतात, कारण ते पुढे काढता येते. वार्निश तर नकोच. साफसफाईला मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरते, ठिसूळ हाड असेल तर पाणीही बेतानेच.

मांडणीसाठी काचेचे झाकण असलेला उथळ खोका पुरतो. वर सरळ दिवा लावला तर नक्षी सपाट होते, बाजूने तिरका उजेड सोडला तर शंखाच्या रेषा आणि दाढेचे कंगोरे उठून दिसतात. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी हवी, विशेषतः सोनेरी चकाकी असलेल्या अमोनाइटशेजारी. त्यातले पायराइट दमट हवेत फुलते आणि नमुना भुगा होतो. मांडणी सौंदर्यानुसार न करता गावानुसार करावी. आणि एक कप्पा फसवणाऱ्या दगडांसाठी राखून ठेवावा: मँगनीजची फांदी, झिओलाइटची नळी, कांद्याच्या पापुद्र्यांचा गोटा. पाहुण्या मुलांना तो कप्पाच सर्वांत जास्त शिकवतो. मांडणी किती सुरेख होऊ शकते, हे लखनौच्या बिरबल सहानी पुराविज्ञान संस्थेत दिसते. बिरबल सहानी यांनी स्वतः जगभरचे जीवाश्म बसवून तिची कोनशिला तयार केली. जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ती 3 एप्रिल 1949 रोजी बसवली गेली आणि आठवड्याभरात, 10 एप्रिलला, सहानी गेले.

काही ठिकाणी मात्र हात आवरायचा. पिसदुऱ्याला, गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात किंवा कोणत्याही ज्ञात स्थळी दगड उचलायचा नाही, फोटो काढायचा. आणि मांजरेच्या काठच्या वाचकांना एक विनंती. धरणातला गाळ काढताना, वाळू उपसताना, विहिरीत खोलवर जड, काळपट हाड किंवा कंगोऱ्यांची दाढ दिसली, तर ती ओढून काढू नका. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, वरून किती हातांवर आहे ते मोजा, गाव आणि गट क्रमांक लिहा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.