वकीलपत्राच्या पाठीशी कोण?

लखनौच्या हजरतगंज भागात जनरल पोस्ट ऑफिसची भव्य इमारत आहे. ब्रिटिश अमदानीत तेथे रिंग थिएटर होते. गोऱ्या साहेबांच्या करमणुकीची ही जागा १९२६ साली न्यायालय बनली आणि तेथे काकोरी खटला उभा राहिला. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी आगगाडीतून सरकारी खजिन्याचे सुमारे साडेचार हजार रुपये हस्तगत केले होते. साम्राज्याने त्या घटनेला राजाविरुद्धच्या युद्धाच्या कटाचे रूप दिले. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खाँ, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशनसिंह यांना डिसेंबर १९२७ मध्ये फाशी झाली. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री यांना याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे ते लखनौचेच झाले आणि १९९६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

या खटल्यात सरकारच्या बाजूने जगतनारायण मुल्ला यांच्यासारखे नामांकित वकील उभे होते, तर बचावाच्या बाजूने गोविंद वल्लभ पंत, चंद्रभानु गुप्त, मोहनलाल सक्सेना आदी मंडळी. या वकिलांच्या त्यागाचे कौतुक अनेकदा होते व ते योग्यच आहे. परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. हे वकील एकटे नव्हते. त्यांच्यामागे बचाव समिती होती, निधी गोळा करणारे हात होते, आरोपींच्या बाजूने लिहिणारी वृत्तपत्रे होती.

मीरत कट खटल्यातही हेच दिसले. मार्च १९२९ मध्ये डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्यासह देशभरातील कामगार पुढारी पकडले गेले आणि खटला मुद्दाम मुंबई-कलकत्त्यापासून दूर, जेथे ज्यूरी नव्हती अशा मीरतला चालवण्यात आला. आरोपी घरापासून, संघटनेपासून आणि ओळखीच्या वकिलांपासून तोडले जावेत, असाच त्या निवडीचा परिणाम होता. त्याला उत्तर म्हणून बचाव समिती स्थापन झाली आणि ब्रिटनमधील कामगारांनीही आवाज उठवला. अलाहाबाद उच्च न्यायालयातील अपिलात कैलासनाथ काटजू आरोपींच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट १९३३ मध्ये शिक्षा मोठ्या प्रमाणात कमी झाल्या; मुझफ्फर अहमद यांची जन्मठेप तीन वर्षांवर आली. न्यायालयातील युक्तिवाद वकिलाने केला. पण तो करण्याइतका काळ बचाव टिकवून धरला तो संघटनेने.

स्वातंत्र्यानंतर हे ओझे राज्यसंस्थेने उचलावे, अशी अपेक्षा होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. ऑगस्ट १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्यासमोर मोठा तात्त्विक प्रश्न आला तो एका साध्या कागदातून. कैद्याला निकालपत्राची नक्कल वेळेवर मिळालीच नव्हती. नकलेवाचून अपील नाही आणि अपिलावाचून सुटकेचा मार्ग नाही! निकालाची नक्कल कैद्याला वेळेत व विनामूल्य मिळाली पाहिजे, गरीब कैद्याला वकील दिला पाहिजे आणि त्या वकिलाचे मानधन सरकारने भरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला. या कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कित्येक कामगारांना हा हक्क आजही ठाऊक नाही.

वस्तुस्थिती काय सांगते? २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ४,३४,३०२ कैदी खटल्याविना वा खटला चालू असताना अडकून होते. त्यांपैकी ९४,१३१ एकट्या उत्तर प्रदेशात. २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’नुसार विधी साहाय्यावर देशात दरडोई वर्षाला सुमारे साडेसहा रुपये खर्च होतात, आणि २०१९ ते २०२४ या काळात निमविधी स्वयंसेवकांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली. २०१७ पासून केंद्र सरकारने स्वेच्छेने काम करणाऱ्या वकिलांची नोंदणी सुरू केली. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजना आली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु नोंदवहीतील नावाने खटला चालत नाही.

तालुक्याच्या न्यायालयात एका शेतमजुराचा जामीन मिळवायचा असेल तर काय काय लागते? नकलांचे पैसे, वकिलाच्या कारकुनाची मजुरी, तुरुंगात जाऊन वकीलपत्रावर सही आणण्याचा प्रवास, साक्षीदाराच्या बुडालेल्या रोजाची भरपाई, आणि शेवटी जामीनदार. आदेश हाती पडूनही जामीनदार नाही म्हणून कैदी आतच राहतो. ही गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे की जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी स्वतंत्र निर्देश द्यावे लागले. वकिलाने आपला वेळ फुकट दिला, तरी यांपैकी कोणतीही गोष्ट फुकट होत नाही. मग तो खर्च स्वतःच्या खिशातून करणारा तरुण वकील वर्षा-दोन वर्षांत थकतो, आणि लोक म्हणतात की त्याची तळमळ संपली. संपली ती तळमळ नव्हे. संपले ते पैसे.

पैशांखेरीज संरक्षणही लागते. नोव्हेंबर २००७ मध्ये लखनौ, फैजाबाद आणि वाराणसी येथील न्यायालयांच्या आवारात स्फोट झाले. त्यानंतर दहशतवादाच्या आरोपींचे वकीलपत्र घ्यायचे नाही, अशी भूमिका उत्तर प्रदेशातील काही वकील संघांनी घेतली. ती न मानणारे लखनौचे मोहम्मद शोएब यांच्यावर २००८ मध्ये न्यायालयाच्या आवारातच हल्ला झाला. असे बहिष्काराचे ठराव बेकायदेशीर आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये दिला. तो देणारे न्या. मार्कंडेय काटजू हे मीरतच्या आरोपींची बाजू मांडणाऱ्या कैलासनाथ काटजूंचे नातू. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांनंतर लखनौत जी धरपकड झाली, तीत शोएब यांनाही अटक झाली. मार्च २०२० मध्ये निदर्शकांची छायाचित्रे व पत्ते असलेले फलक शहरातील चौकांत लागले आणि ते उतरवण्याचा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाला द्यावा लागला. अशा वेळी वकील एकटा पडला, तर पुढचे वकीलपत्र कोण घेणार?

येथे एक आक्षेप हमखास येतो. गरिबांना वकील देणे हे सरकारचे कर्तव्य असताना संघटनेने हा भार का उचलावा. त्याने सरकारला पळवाटच मिळणार नाही का? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मोफत वकिलाचा हक्क कागदावर असणे आणि मजुराच्या हाती येणे, यांच्यामध्ये अर्ज करणारे, पाठपुरावा करणारे, उत्तर मागणारे माणूस लागते. संघटित मागणीविना साडेसहा रुपयांचे सात रुपयेसुद्धा होणार नाहीत. सरकारकडून हक्काचे वसूल करणे आणि ते मिळेपर्यंत बचाव उभा ठेवणे, ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

म्हणून जिल्हा पातळीवर कामे स्पष्ट आहेत. नकला, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांसाठी कायमचा बचाव निधी हवा. अटक झाल्यावर घाईघाईने फिरवलेली झोळी पुरत नाही. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याची सुटका होऊ शकते. अशा कैद्यांच्या याद्या कामगार संघटनांनी स्वतः कराव्यात. भाषेचेही साहाय्य हवे. कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या मराठी मजुराच्या हातात कन्नड कागद पडतो, तेव्हा त्याच्यावर आरोप काय आहे हेच त्याला कळत नाही. तो कागद मराठीत समजावून देणारा कार्यकर्ता हा बचावाचाच भाग आहे. कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांनी वकिली आणि चळवळ यांच्यात भिंत उभी केली नव्हती. २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांनी दाखवलेली कामाची पद्धत मात्र कोणाला मारता आलेली नाही.

हजरतगंजात पोस्टाच्या आवारात आज काकोरीचे स्मारक आहे. दरवर्षी १९ डिसेंबरला हुतात्म्यांना फुले वाहिली जातात. त्या दिवशी प्रत्येक शाखेने स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या तालुक्यात गरिबाचे वकीलपत्र घेणारा जो वकील आहे, त्याच्या पाठीशी उद्या सकाळी कोण उभे असेल?